रानातील उन्हाळी नोकरी आणि पडद्यावरचे अरण्य

महोदय,

अमेरिकेच्या पश्चिम भागातील जंगलात उन्हाळाभर नोकरी करणाऱ्या एका किशोरवयीन मुलाच्या कथेवरील चित्रपटाचे परीक्षण आपल्या रविवार पुरवणीत वाचले. निसर्गाच्या सान्निध्यात हा मुलगा प्रौढ होतो, असा परीक्षणाचा सूर आहे आणि तो मला पटला नाही. डोंगर आणि सूचिपर्णी वृक्ष पडद्यावर देखणे दिसतात, म्हणून सगळे श्रेय त्यांना देणे सोपे जाते. परंतु अशा कथांतील मुलाला खरे वळण लावते ते त्याच्या वाट्याला आलेले काम, आणि त्या कामाचा परीक्षणात एका वाक्यानेही उल्लेख नाही.

मुळात ही मुले जंगलात पोहोचली कशी, हेच पाहावे. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो, माँटाना आणि वॉशिंग्टन या राज्यांत अवघ्या दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि किमान ८५ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक जण आग विझवायला गेलेले होते. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या वनखात्याने त्यानंतर प्रत्येक आग विझवण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी पायवाटा, टेहळणीच्या जागा आणि दूरध्वनीच्या तारा हव्या होत्या, आणि पहिल्या महायुद्धामुळे कर्ती माणसे कमी पडू लागली तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही कामावर घेतले गेले. म्हणजे आपला नायक घर सोडून भटकायला निघालेला स्वप्नाळू मुलगा नसून सरकारी पगारावरचा मजूर आहे.

आता त्याचे काम पाहा. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या करवतीचा नियम असा, की आपण फक्त ओढायचे, ढकलायचे कधीच नाही. समोरचा ओढत असताना आपला हात सैल सोडता आला नाही तर पाते वाकते आणि समोरच्याचा जीव मेटाकुटीला येतो. खेचरांवर सामान लादताना दोन्ही बाजूंचे वजन सारखे नसले तर खोगीर घसरते आणि जनावराच्या पाठीला जखमा होतात. दूरध्वनीची तार झाडांवर मुद्दाम सैल सोडत, कारण ताणून बांधलेली तार तिच्यावर झाड कोसळताच तुटते. टेहळणीवरच्या माणसाने धुराची दिशा फिरत्या दर्शकाने अंशांत मोजून कळवायची, आणि वीज कडाडू लागली की काचेचे पाय लावलेल्या स्टुलावर उभे राहायचे. दुसऱ्याच्या ताकदीचा अंदाज, मुक्या जनावराची जबाबदारी आणि तासन्‌तास काहीही न घडणारी सावध प्रतीक्षा यांतून त्या वयात माणूस किती बदलतो, हे दाखवायला पटकथेला याहून अधिक काय हवे? तरीही दिग्दर्शक हे सारे पार्श्वसंगीतावर दोन मिनिटांत उरकतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात एक भलामोठा वणवा पेटवून देतो. वणवा लागलाच तर मुलाच्या धाडसाची परीक्षा होते हे खरे, पण धाडस एका रात्रीत दाखवता येते आणि कसब मात्र उन्हाळाभर अंगी मुरवावे लागते.

पैशाबद्दलही या कथा संकोचाने बोलतात. मंदीच्या काळात, १९३३ ते १९४२ दरम्यान चाललेल्या सरकारी वनसंवर्धन योजनेत तरुणांना महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यांतील बहुतांश रक्कम, साधारण २५ डॉलर, थेट घरी पाठवली जाई. आपल्या कष्टांवर घरची चूल पेटते हे उमगणे कोणत्याही शिखरावरच्या सूर्योदयाहून मोठे असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

परीक्षणातील ‘माणसाचा स्पर्श न झालेले अरण्य’ हा शब्दप्रयोगही खटकला. माँटानातील ज्या बिटररूट खोऱ्याच्या परिसरात असली कथानके हमखास घडतात, तेथून सेलिश या मूळनिवासी लोकांना १८९१ मध्ये हुसकावून लावण्यात आले होते. ते अरण्य निर्मनुष्य नव्हते, ते निर्मनुष्य करण्यात आले होते.

आणखी एक गोष्ट. वनखात्याने १९१३ मध्येच कॅलिफोर्नियातील एका शिखरावर हॅली डॅगेट या महिलेला टेहळणीवर नेमले होते आणि त्यांनी पुढे अनेक उन्हाळे तेथे चोख काम केले. असे असताना या प्रकारच्या चित्रपटांत करवत, खेचरे आणि टेहळणी बहुधा मुलाच्याच वाट्याला का येतात, हा प्रश्न आपल्या परीक्षकांनी पुढच्या वेळी दिग्दर्शकांना जरूर विचारावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक