गोकाकचा गेंडा आपल्या मुलांना दाखवूया

सप्रेम नमस्कार,

गोकाकच्या शिवारात एके काळी गेंडे फिरत होते. ही दंतकथा नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट यांना गोकाकजवळ चिकदौली इथे गेंड्याचे जीवाश्म मिळाले आणि १८७४ साली त्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. नाव दिलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा गेंडा. धबधबा बघायला आणि करदंट घ्यायला आपण सगळेच गोकाकला जातो, पण या गेंड्याबद्दल आपल्या पोरांना कोणी सांगितलेलं नसतं.

आपल्या भीमगड अभयारण्याचंही तसंच. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधल्या मोठ्या कानांच्या वटवाघळाची नवी जात म्हणून नोंद १९१३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी केली आणि वनाधिकारी रॉटन यांचं नाव तिला दिलं. पुढे कित्येक दशकं साऱ्या जगात या वटवाघळाचा ठाऊक असलेला ठिकाणा एकच होता, आपला खानापूर तालुका. नंतर मेघालय आणि कंबोडियातही ते आढळलं. ते बघायला मुलांना गुहेत नेणं मात्र योग्य नाही. उजेडाने, गोंगाटाने वटवाघळं बिथरतात. शिवाय ते अभयारण्य आहे. त्यासाठीच गावात एक जागा हवी.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाने वरच्या मजल्यावरची खोली निसर्ग-इतिहासाच्या कायमच्या प्रदर्शनासाठी द्यायचं ठरवलं आहे. एका भिंतीशी गेंडा, दुसऱ्या भिंतीशी बारापेडेची गुहा. दोन्हींच्या प्रतिकृती खानापूरच्याच मातीतून घडवायच्या आहेत. ज्या मातीची कौलं आणि मडकी दूरवर जातात तिच्यातून गेंड्याचा जबडा का घडू नये? कुंभार बांधवांनी यात हात घालावा, अशी आमची मनापासून विनंती आहे. मजुरी दिली जाईल.

मधल्या टेबलावर दगड राहतील आणि ते हातात घेऊन बघायची मुभा असेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण, जांबोटीकडचा जांभा, आणि त्या लाव्हाच्याही कितीतरी आधीचा गोकाककडचा वालुकाश्म. शेजारी भाताच्या जुन्या वाणांच्या लोंब्या, रानातल्या झाडांच्या बिया. फलक मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत असतील, कारण तालुक्यातली मुलं दोन्ही माध्यमांत शिकतात.

शाळेच्या सहली म्हैसूरला जातात, राजवाडा आणि प्राणिसंग्रहालय बघून परततात. कारंजी तलावाकाठी १९९५ पासून असलेलं प्रादेशिक निसर्ग-इतिहास संग्रहालय मात्र राहून जातं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातही निसर्ग-इतिहासाचं मोठं दालन आहे. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी या दोन्ही ठिकाणांसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. पण ज्या घरांना सहलीची वर्गणीच झेपत नाही, त्यांच्या मुलांसाठी गावातली खोलीच खरी.

आता मागणं. काचेची कपाटं, दिवे, फलकांची छपाई आणि गळणाऱ्या छपराची दुरुस्ती यासाठी पैसे हवेत. छपराचं काम पावसाआधी झालंच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं अडतं. पाचशे रुपयेही आम्हाला मोलाचे आहेत. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि दर महिन्याला हिशेब वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. पुण्या-मुंबईला, गोव्याला नोकरीनिमित्त गेलेल्या मंडळींनी एकेका कपाटाचा खर्च उचलला तर फार मोठा आधार होईल.

पैसे नसले तरी चालेल. शेतात वेगळा दगड सापडला असेल, घरात जुन्या वाणाचं बियाणं जपलेलं असेल, तर कुठे आणि कधी मिळालं ते चिठ्ठीवर लिहून आणा. चिठ्ठीशिवाय नमुना अर्धाच राहतो. मात्र जनावरांची शिंगं, कातडी, नखं, दात किंवा पक्ष्यांची अंडी कृपया आणू नका, मग ती आजोबांच्या काळची का असेनात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे ती आम्हाला ठेवता येणार नाहीत, आणि आणणाराही अडचणीत येईल.

सुतारकाम, रंगकाम, चित्रकला जमणाऱ्यांनी आणि कन्नड मजकूर तपासून देऊ शकणाऱ्या शिक्षकांनी रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात यावं. देणगी रोज संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत ग्रंथपालांकडे स्वीकारली जाईल. पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत.

आपले नम्र,
वाचनालय कार्यकारी समिती