मालकाने ठरवायचे म्हणे!

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अपघातात चेपलेली गाडी दुरुस्त करावी की मोडीत काढावी, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. ‘मालकाने भावनेत न अडकता निर्णय घ्यावा’ म्हणे. मालकाला विचारतो कोण?

आमची 2017 ची छोटी गाडी खंबाटकी बोगद्यापुढच्या एस वळणावर टेम्पोच्या मागे घुसली. चूक माझीच, त्याबद्दल वाद नाही. बंपर, बॉनेट, रेडिएटर, दोन्ही हेडलाइट गेले. इंजिन मात्र चावी फिरवताच सुरू. सर्व्हिस सेंटरचे एस्टिमेट आले 1,86,400 रुपये. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, 2,40,000. दुरुस्ती आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेली की टोटल लॉस; विमा कंपनी दुरुस्तीऐवजी आयडीव्ही देऊन मोकळी. म्हणजे आमची रेघ 1,80,000 ला. गाडी सहा हजार चारशे रुपयांनी मेली! एस्टिमेटमध्ये उजवा दरवाजाही नवा धरलेला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. बोट ठेवून दाखवले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, सिस्टिम असंच काढते.” सर्व्हेअर साहेबांनी मोबाइलवर फोटो काढले आणि दहा मिनिटांत निघाले.

मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला तिथे घेऊन गेलो. त्याने खिशातून टेप काढला, बॉनेटखाली या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपा धरला, मग उलट बाजूने. दोन मापांत फरक तीन मिलिमीटर. “चासी सरळ हाय साहेब. रंगासकट पंच्याण्णव हजारांत रस्त्यावर आणून देतो.” खरी परीक्षा ही. लेखात त्या जागी ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ एवढेच आहे. आभारी आहोत.

आता माझा गाढवपणाही सांगतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही कोष्टकातून निघत नाही, विमा कंपनी आणि मालकाच्या संमतीने ठरते. नूतनीकरणाला एजंट म्हणाला, “थोडी खाली घेऊ, हप्ता चार-पाचशेने कमी बसेल.” मी खूश. आयडीव्ही खाली आली की टोटल लॉसची रेघही त्याच प्रमाणात खाली येते, हे त्याने सांगितले नाही आणि तुमच्या लेखकानेही नाही.

शेवटी मालकाने सोसायचे सक्तीचे हजार कापून 2,39,000 हातात आले. त्यातले 88,000 लिलावात सांगाडा घेणाऱ्याचे, बाकी कंपनीचे. सांगाडा स्वतःकडे ठेवून 1,51,000 घेता येतात, त्यात मिस्त्रीचे पैसे भागून वर छप्पन हजार उरले असते, हे मला कधी कळले? गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून झाल्यावर. सर्व्हिस सेंटरने वर एस्टिमेट चार्ज आणि 26 दिवसांचे पार्किंग लावले. त्यांचाच सेल्समन नव्या गाडीची माहितीपत्रके घेऊन अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात! तेव्हा आमच्या गाडीचे एस्टिमेटही हाती आले नव्हते.

जाता जाता एक. लेखासोबतच्या फोटोतल्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे आहे. आपल्या महामार्गावर रोज इतक्या गाड्या चेपतात, एक फोटो इथला मिळू नये?

आणि गेल्या महिन्यात माझ्या मोबाइलवर ई-चलन आले. फोटोत नंबर आमचाच. मागच्या काचेवर आमच्या हिने लावलेला ज्योतिबाचा स्टिकरही जागच्या जागी. टोटल लॉस झालेली गाडी ताशी 118 ने चालली होती. दंड 2,000 रुपये, माझ्या नावावर.

आपला,
एक जुना वाचक, सातारा