एका सुईवर भागत नाही

मा. संपादक,
स. न.

आमच्या वडगावात कुणी कुत्र्याचं पिल्लू आणलं की पहिला प्रश्न, "सुई मारली काय?" मारली म्हटलं की विषय संपला. आम्हीही तेच केलं. दीड महिन्याच्या खंड्याला एक इंजेक्शन दिलं आणि कार्ड कपाटात ठेवलं. पुढच्या तारखा त्यावर लिहिलेल्या होत्या, पण मागाच्या कामात राहून गेल्या. तिसऱ्या महिन्यात त्यानं खाणं सोडलं, उलट्या लागल्या, मग रक्ताची हगवण. तो वास अजून नाकातून जात नाही. सलाईन लावूनही पाचव्या दिवशी गेला. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार.

आईच्या दुधातून पिल्लाला मिळालेलं संरक्षण लसीलाच काम करू देत नाही, आणि ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवड्यांचं होईपर्यंत लस द्यायची. रेबीजची निराळी, तीन महिन्यांनंतर; बूस्टर डॉक्टर सांगतील तसे. आपल्याकडच्या पावसात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो हा आजार माणसांनाही होतो, त्याचीही लस विचारून घ्यावी.

घरच्यांनी अंगण फिनेलनं धुतलं. पार्व्होवर फिनेल लागू पडत नाही! फरशी आणि भांड्यांना ब्लीचिंगचं पाणी हवं. मातीत तर हा विषाणू वर्षभरही टिकतो. शेजाऱ्यांनी नव्या पिल्लासाठी खंड्याचं ताट मागितलं, मी दिलं नाही. अजून रुसलेत.

आता तक्रार. मध्यंतरी जवळच रेबीजच्या मोफत लसीचं शिबिर झालं. फलक फक्त कन्नडमध्ये. आम्ही कन्नड बोलतो, पण माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ते वाचता येत नाही. शिबिर झाल्याचं आम्हाला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार व्हायची, त्या गावात ही गत! यात सीमावाद आणू नये. खाली मराठीत तारीख आणि जागा लिहायला कितीसा रंग लागतो?

तोवर आपणच अशा शिबिरांची माहिती दोन दिवस आधी स्थानिक पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव