नावं ठाऊक नाहीत, तरी आभार

तीन वेळा मूल राहिलं आणि तिन्ही वेळा दहाव्या आठवड्याच्या आत गेलं. आधीच्या एका ठिकाणी 'होतं असं, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच ऐकायला मिळालं. त्याबद्दल आता बोलत नाही.

धंतोलीतल्या लॅबमधल्या ताई, तुमचं नाव विचारायचं राहिलं. गर्भ वारंवार जाण्यामागे असू शकणाऱ्या, रक्ताच्या गाठींशी संबंधित अँटिबॉडीज रक्तात एकदा सापडल्या म्हणजे निदान पक्कं होत नाही, १२ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी लागते, हे तुम्ही मला बाकावर बसवून समजावलंत. रांग ताटकळली होती, तरी. दुसऱ्यांदाही अहवाल तोच आला. मग दिवस राहिल्याबरोबर कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि रोज पोटात हेपरिनचं (रक्ताच्या गाठी होऊ न देणारं) इंजेक्शन डॉक्टरांनी सुरू केलं.

पहिली सुई मला टोचवेना. "काहून घाबरते वो, पोटाची चिमटी धर अन् हळूच टोच," म्हणत सिस्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला. आता हे सगळं मी चहा उकळेपर्यंत उरकते. (पोट मात्र निळंजांभळं!)

मे महिन्यातलं नागपूरचं ऊन काय सांगावं! इंजेक्शनं तापू नयेत म्हणून थर्मासच्या डब्यात बांधून देणारे मेडिकलवाले काका, आणि सोनोग्राफीला जाताना प्रत्येक गतिरोधकावर रिक्षा जवळजवळ थांबवणारे दादा, तुमचेही आभार.

आज ३२वा आठवडा. काका, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे, सोमवारी आणून देते.