मुलग्यांना गटात घेताना

पुणे

प्रिय मिलिंद,

तुझा आराखडा वाचला. शरीरप्रतिमेवरचं काम मुलामुलींचा एकत्र गट घेऊन करायचं ठरवलंस, ते पटलं. पण पहिल्या तासाला ठेवलेलं तज्ज्ञांचं व्याख्यान आधी काढून टाक. खाण्याच्या विकारांवर स्लाइड दाखवून भाषण दिलं की ऐकणाऱ्यांची माहिती वाढते, वागणं फारसं बदलत नाही. शिवाय जेवण लपवायचं कसं, उलटी काढायची कशी, हेही मागच्या बाकावरचा कुणीतरी टिपून घेतो.

तू ज्याच्या आधाराने चालला आहेस तो अमेरिकेतला ‘बॉडी प्रोजेक्ट’, म्हणजे खाण्याचे विकार टाळण्यासाठीचा गटातला कार्यक्रम, उभाच आहे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने १९५७ साली मांडलेल्या विचारावर. माणूस स्वखुशीने, चारचौघांत, आपल्याच एखाद्या समजुतीविरुद्ध बोलला की बोलणं आणि समजूत यांचा मेळ बसेनासा होतो. ती बोच घालवण्यासाठी तो समजूतच सैल करतो. मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांनी हे तत्त्व बारीक दिसण्याच्या हव्यासाला लावलं. पुढे कॅरोलिन बेकर यांनी सॅन अँटोनिओच्या ट्रिनिटी विद्यापीठात विद्यार्थिनींनीच विद्यार्थिनींचे गट चालवायची पद्धत बसवली. समलिंगी पुरुषांसाठी बेतलेल्या कार्यक्रमाची चाचणी २०१५ मध्ये आणि स्त्री-पुरुष एकत्र गटाची २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे तुझी कल्पना हवेतली नाही.

आता यातला ‘स्वखुशीने’ हा शब्द धरून ठेव. तू हे एनएसएसच्या तासांत धरलंस किंवा हजेरी लावलीस, तर पोरांना पळवाट मिळते: ‘सरांनी सांगितलं म्हणून बोललो.’ मग बोच लागतच नाही आणि सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ‘नको असेल त्याने आत्ता जावं, काही बिघडत नाही’ असं सांग आणि थांबणाऱ्यांकडून ‘मी थांबतोय’, ‘मी थांबतेय’ असं तोंडाने वदवून घे. ही नुसती औपचारिकता वाटते, पण नाही.

मांडणी साधी ठेव. दोन-दोन तासांच्या दोन बैठका, मध्ये एक आठवडा. गटात ८ ते १० जण, त्यात मुलगे किमान ४. एकटादुकटा मुलगा असला की तो पाहुणा होऊन बसतो आणि मुली त्याला सांभाळून घेतात. चालक दोन, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही विद्यार्थी. त्यांनी स्वतः आधी पूर्ण कार्यक्रम केलेला असावा. तयारीला दोन दिवस तरी धर. तू खोलीत बसू नकोस. प्राध्यापक बसले की पोरं उत्तरपत्रिका लिहायला लागतात.

पहिल्या बैठकीत फळ्यावर दोन रकाने. मुलींचा भराभर भरतो: बारीक, गोरी, नितळ, लांब केस. मुलग्यांच्या रकान्यापाशी सगळे अडतात. ‘मुलांचं असं काही नसतं’ हे वाक्य येणारच. चालकाने वाद घालू नये. एवढंच विचारावं, ‘रीलमधला हिरो शर्ट काढतो तेव्हा काय दिसतं?’ मग यादी वाहू लागते: उंची, रुंद खांदे, डोले, सिक्स पॅक, भरघोस दाढी, डोक्यावर दाट केस. आता त्यांनाच जोडायला सांग. अंगावर चरबी नको आणि मांस मात्र भरपूर हवं. एकासाठी कमी खायचं, दुसऱ्यासाठी जास्त; म्हणून आधी बल्क (खाऊन अंग भरणं), मग कट (कमी खाऊन चरबी उतरवणं), मग पुन्हा बल्क. बारीक होण्याच्या हव्यासावर बेतलेला कार्यक्रम मुलग्यांपुढे जसाच्या तसा ठेवला की तो फसतो, तो इथे.

त्यानंतर किंमत. या यादीमागे धावायला काय काय जातं? पावडरीच्या डब्याचे पैसे, घरच्या जेवणावरून आईशी वाद, दुखावलेला खांदा घेऊन उचललेलं वजन, कुणीतरी ‘कोर्स’ म्हणून हातात ठेवलेली इंजेक्शनं. आणि फायदा कुणाचा? इथे घाई करू नकोस, अर्धा तास गेला तरी चालेल.

एक धोका खास मुलग्यांचा. ‘आम्ही फिटनेससाठी करतो’ म्हणत तोच आदर्श मागच्या दाराने आत येतो. चालकाने विचारावं, ‘उद्या दंड एक इंचही वाढणार नाही असं कळलं, तरी हाच व्यायाम करशील?’ उत्तर काहीही येवो, गटाला कामाला लावतं.

घरी करायचं काम दोन तुकड्यांत. आपल्याहून लहान मुलाला किंवा मुलीला पत्र, या आदर्शामागे धावण्याची किंमत सांगणारं. आणि आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दल आवडणाऱ्या गोष्टींची यादी, शरीराच्याही आणि स्वभावाच्याही. मुलगे दुसरी टाळतात किंवा ‘सगळंच भारी’ लिहून मोकळे होतात. तेव्हा नेमकेपणा माग. ‘पायांत ताकद आहे, गड न थांबता चढतो’ हे चाललं.

दुसऱ्या बैठकीत पत्रं मोठ्याने वाचून घे. मग नाट्य: चालक हट्टी होतो, ‘गॅदरिंगपर्यंत पोट आत गेलंच पाहिजे, रोज उकडलेली अंडीच खाणार’ म्हणतो, आणि गटाने त्याला पटवायचं. शेवटी आपल्याकडची नेहमीची वाक्यं घे: ‘काय सुटलायस!’, ‘अरे काडी पैलवान’, ‘वाळलास की, बरं नाही का?’ प्रत्येकाने उलट उत्तर बोलून दाखवायचं. हशा पिकेल, पिकू दे. पण गटातल्याच कुणावर टोमणा गेला तर चालकाने तिथेच थांबवायचं.

वजनकाटा, बीएमआय, कॅलरीचे आकडे, आधी-नंतरचे फोटो, यांतलं काहीही खोलीत नको.

‘हे मुलींचं दुखणं आहे’ असं प्राचार्य म्हणाले, तर त्यांना मिनेसोटातला उपासमारीचा प्रयोग सांग. १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. सगळे स्वयंसेवक, सगळे पुरुष. त्यांना अन्नावाचून दुसरं सुचेना. कुणी ताटं चाटू लागले, कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. तरी अनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने उपाशी राहण्याच्या आजाराच्या, अमेरिकन निकषांत पाळी थांबण्याची अट २०१३ पर्यंत होती. पुरुषांना ती लागूच होणार नव्हती.

कबड्डीच्या संघासाठी मात्र वेगळा मार्ग धर. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये गोल्डबर्ग आणि एलियट या संशोधकांनी शाळकरी अमेरिकन फुटबॉलपटूंसाठी ‘ॲटलस’ नावाचा स्टेरॉइडविरोधी कार्यक्रम केला: ५० मिनिटांचे सात वर्ग, शिकवणारे प्रशिक्षक आणि संघातलेच म्होरके, जोडीला वजनांच्या खोलीतले धडे. नुसती भीती घालून पोरं ऐकत नाहीत हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. ताकद वाढवायचा खरा रस्ता दाखवला, तेव्हा कान दिले.

हा प्रतिबंध आहे, उपचार नाही. कुणी जेवणानंतर दरवेळी गायब होत असेल, झपाट्याने उतरला असेल, चक्कर येऊन पडत असेल, ताप असताना किंवा पेपर बुडवून जिमला जात असेल, तर त्याला गटात ठेवून भागणार नाही. फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांकडे पाठव. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्यावर आधीच लिहून ठेव, म्हणजे तो कुणा एकासाठी लिहिला असं वाटणार नाही.

मोजणीसाठी फक्त खाण्याची प्रश्नावली वापरू नकोस. तिच्यात वजन वाढायची भीती विचारतात. जो वजन वाढवायलाच धडपडतोय तो त्यात ठणठणीत दिसतो. स्नायूंच्या हव्यासाची प्रश्नावली जोडीला दे. आधी, नंतर आणि सहा महिन्यांनी, तिन्ही वेळा.

चालकांसाठी संवादांचा कच्चा खर्डा सोबत पाठवतोय. भाषा पुणेरी झाली आहे, तुमच्या पोरांकडून कोल्हापुरी करून घे. परीक्षांच्या तारखा कळव, म्हणजे दोन्ही बैठका त्याआधी बसतात का ते पाहू.

तुझा,
अनिरुद्ध