सांगली स्टेशन गेलं तेव्हा मी जागी होते

पुणे, 8 जुलै

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

पत्र बघून आधी घाबरू नका. मी धडधाकट आहे. हे फोनवर बोलता येण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. बाबा दुसऱ्याच मिनिटाला "थांब, आईला देतो" म्हणतात आणि आई तिसऱ्या मिनिटाला "बरं, ठेवते, तुझं बिल उठेल", जसे काही आपण अजून कोपऱ्यावरच्या एसटीडीतून बोलतोय. आई, तू हे मोठ्यानं वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. बाबांची रात्रीची गोळी झाली की वाच. जेवणाआधी अजिबात नको.

तर. मी 31 मार्चला नोकरी सोडली.

मला कुणी काढलं नाही, भांडण झालं नाही, मीच सोडली. अखितीला सांगलीला घरी आले तेव्हा सांगायचं ठरवूनच आले होते. पण रिक्षातून उतरतेय तोवर बाबांनी शेजारच्या काकांना "ऑफिसातून दोन दिवस रजा काढून आलीय" म्हणून सांगूनसुद्धा टाकलं, आणि मी आमरसाच्या वाटीत बघत बसले. नंतर तुम्ही कधीही विचारलंत की मी "कामात आहे" म्हणायचे. काम खरंच होतं. एवढंच मी माझ्या मनाला समजावत आले.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न पैशाचा असणार, म्हणून आधी हिशेब. एप्रिलमध्ये 22 हजार आले, मेमध्ये 61, जूनमध्ये 38. भाडं 14 हजार, तेही मैत्रिणीबरोबर निम्मं निम्मं. सहा महिने एक पैसा आला नाही तरी भागेल एवढी एफडी मोडायची नाही असं ठरवून वेगळी ठेवलीय. पोस्टातलं पीपीएफ तुम्ही उघडून दिलंत तसंच चालू आहे, या वर्षीचे पैसे 5 एप्रिलच्या आत भरले. मेडिक्लेम आता माझा मी काढलाय. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. काही लोक बिलातून 10 टक्के टीडीएस कापतात, पण तो बुडत नाही, रिटर्न भरलं की हिशेबात धरला जातो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. खतावणी मात्र तुमच्यासारखीच ठेवलीय, जमा डावीकडे, नावे उजवीकडे. पुढच्या वेळी घेऊन येते. लाल पेन तुम्ही आणा.

आणि "नोकरी म्हणजे खात्री" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. त्यावर मी वाद घालणार नाही. फक्त कारखान्याचा पगार अडकला होता ते अठरा महिने मी विसरलेले नाही, आईची पाटली कुठं गेली तेही नाही. तुम्ही चुकलात असं मला म्हणायचं नाही, बाबा. तुम्ही तेव्हा जसं रेटलंत तसं मला कधी जमलं नसतं. एवढंच की खात्री मी तेव्हापासून दुसरीकडे शोधायला लागले. (आई, हा परिच्छेद गाळलास तरी चालेल.)

ऑफिसात वाईट काहीच नव्हतं. पण शेवटची दोन वर्षं मी कर्जाच्या जाहिरातींची बटणं हिरवी करायची की केशरी, एवढंच ठरवत होते. रात्री साडेदहाला अमेरिकेतल्या माणसाला विचारायचं, तो म्हणणार केशरी, सकाळी दुसरा म्हणणार हिरवी. आता मी वेबसाइट करते आणि त्यातला मजकूरही मीच लिहिते. दोन्ही एकाच माणसानं करायचं म्हटलं की लोकांना बरं वाटतं, एकच फोन करावा लागतो. एक दातांचा दवाखाना आहे, एक पेव्हिंग ब्लॉकवाले आहेत. त्यांच्यावर भाडं निघतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मिरजेच्या कामाबद्दल मात्र लिहायचंय.

सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांची वेबसाइट मी केली. तीन पिढ्यांचं दुकान. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला, वेगवेगळं, भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण त्यांनी भिंतीवर चिकटवलंय. म्हणाले, "कागद आला बाई, आता गिऱ्हाईक यायला पायजे." त्यांना पान उघडल्याबरोबर आपोआप सतार वाजायला हवी होती आणि कडेनं हलणारी फुलं. फुलांवर तोडगा निघाला, दांडीवर जी वेलबुट्टी ते हातानं कोरतात तिचेच फोटो लावले. आपोआप वाजण्यावर तीन दिवस वाद चालला.

शेवटी मी काय केलं, एकाच तंबोऱ्याचे दोन आवाज ठेवले. एक जवारी काढायच्या, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवायच्या आधीचा, एक नंतरचा. बाबा, तुम्ही मला दर्ग्याच्या उरसातल्या संगीतसभेला न्यायचात, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर दाखवायचात आणि मी तुमच्या मांडीवर झोपून जायचे. त्या तंबोऱ्यांचा आवाज असा मधमाश्यांसारखा का येतो, ते मला या एप्रिलमध्ये कळलं. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं इतका हलका घासतात की भुकटीसुद्धा दिसत नाही. तार त्यावर किंचित टेकली पाहिजे आणि किंचित सुटली पाहिजे. मग तारेखाली सुताचा दोरा सारत सारत न्यायचा, आणि एका जागी तो आवाज एकदम उघडतो. एक घास जास्त झाला की तार बसते, आवाज मरतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. ते हे काम डोळे मिटून करतात. मी विचारलं, बघावं लागत नाही का? म्हणाले, बघितलं की चुकतं.

रेकॉर्डिंग करायला तिथं शांतता कुठली! शेजारी रंधा, खाली गल्लीत स्कूटर, डोक्यावर पंखा. दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, सगळी गल्ली घामानं निथळत गप्प बसली आणि मी मोबाइल भोपळ्याशेजारी ठेवून अकरा मिनिटांत काम उरकलं. वीज गेल्यावर एवढा आनंद मला दहावीच्या अभ्यासानंतर पहिल्यांदाच झाला. मजकूरही मी नेहमीचा लिहिला नाही. त्यांचं म्हणणं होतं "उच्च दर्जाची वाद्ये" लिहा. मी लिहिलं की भोपळे भीमाकाठावरून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते वाळवून, कापून, भिजवून मग आकाराला आणतात, आणि या सगळ्यात घाई केली तर तडा जातो. गेल्या महिन्यात धारवाडच्या एका गायनाच्या बाईंचा फोन आला त्यांना. तंबोरा घ्यायला नव्हे, जुन्याची जवारी काढून द्याल का म्हणून. आवाज ऐकून केला म्हणाल्या. कारागीर खूश, मी त्यांच्याहून जास्त.

आता जे सांगायला खरं म्हणजे हे पत्र आहे. मिरजेला मी तीनदा आले. दोनदा घरी आले, "इकडं काम होतं" म्हणून. तिसऱ्यांदा आले नाही. घरापासून दहा किलोमीटरवर दिवसभर होते. संध्याकाळी सिटीबस धरली असती तर पाऊण तासात घरात असते. पण त्या दिवशी तोंड बघितलं असतंस तर आई, तुला कळलं असतंच. म्हणून रात्रीची महालक्ष्मी पकडली. सांगली स्टेशन आलं तेव्हा मी वरच्या बर्थवरून खाली उतरून दारात उभी होते. प्लॅटफॉर्मवर एक माणूस भडंगाच्या पिशव्या विकत होता. दोन घेतल्या. गाडी सुटल्यावर लक्षात आलं की दोन कशाला घेतल्या. एक अजून तशीच आहे, मऊ पडलीय, टाकवत नाही.

मला माफ करा. ओरडायचं असेल तर भेटल्यावर ओरडा, फोनवर नको.

दुसरं एक काम सांगते, म्हणजे जरा हसाल. एका तालुक्याच्या वाचनालयाचे जुने वार्षिक अंक इंटरनेटवर आणायचे होते. सगळं डीटीपीच्या काळातलं, जुन्या फॉन्टमधलं. तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कुत्र्यानं कीबोर्डवर उडी मारल्यासारखी. त्याचं युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल असं, करावं लागतं. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायचे, कारण ती दिसते आधी. नव्यात ती अक्षरानंतर येते, कारण म्हणतो नंतर. रफाराचं बरोब्बर उलटं. माझ्या प्रोग्रॅमनं वेलांट्या आणि रफार झकास हलवले, पण "ऱ्य"चा साधा "र्य" करून टाकला. परिणाम असा की वाचनालयाच्या जेवणावळीत आचाऱ्यांचा सत्कार झाला होता, तो आचार्यांचा झाला. चार दिवस तसाच होता. मग सेक्रेटरींचा फोन: "मॅडम, आमच्याकडं नक्की कोण आचार्य येऊन गेले?" शिवाय एका सहलीच्या वर्णनात सह्याद्रीच्या खोल दऱ्यांचा दर्या झाला होता. 212 ठिकाणी हातानं दुरुस्ती केली. चूक माझीच, पैसे जास्तीचे मागितले नाहीत.

आई, या कामात तू सारखी आठवतेस. बालवाडीच्या पाटीवर तू माझा हात धरून ल गिरवून घ्यायचीस, "दोन पोटं, आणि वर फळीला टांगायचं." संगणकावर कित्येकदा हिंदी वळणाचा ल येतो, काठीवाला, आणि शही तसाच. पण पानाला "भाषा मराठी" असं आतून सांगितलं की काही चांगले फॉन्ट आपले आपण मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात. मी ते प्रत्येक कामात करते. गिऱ्हाइकाला कळतही नाही, दवाखान्यातल्या डॉक्टरांना तर नाहीच. असे फॉन्ट मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या संस्थेसारखी मंडळी तयार करतात आणि ते फुकट वापरता येतात, त्यामुळे बाबा, त्याचा खर्च नाही.

जेवणाचं विचारशीलच. डबा लावलाय, काकू साताऱ्याच्या आहेत, आमटीत चिंच-गूळ घालतात. एक वाजता जेवतेच, कारण डबा घ्यायला त्यांचा मुलगा तासाभरात परत येतो. पाठीसाठी बरी खुर्ची घेतली. रात्री साडेअकराला लॅपटॉप बंद. ऑफिसात असताना हे कधीच नव्हतं. मेतकूट संपलंय, पण लगेच करायला बसू नकोस, तुझा गुडघा आधी.

आता तुमचं. बाबांना जूनमध्ये जिन्यात चक्कर आली, हे मला दादाकडून कळलं. तुम्ही दोघांनी मला सांगितलं नाही. म्हणजे लपवालपवी काही माझी एकटीचीच नाही. तेव्हा आता ऐकायचं. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. सात दिवसांचे खण असलेली डबी पाठवलीय, दर रविवारी आईनं भरायची, बाबांनी नाही. माडीवर चढताना कठडा धरायचा. गुडघ्याच्या डॉक्टरांकडे आई या महिन्यात जाणार, "पाऊस सरल्यावर" नाही. रिक्षा मी फोनवरून बोलावून देईन, वेळ सांगा फक्त.

पुराच्या पाण्याचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका असतो, हे बाबांना पाठ आहे, पण "आपल्या पायरीला लागत नाही" हेही त्यांना तितकंच पाठ आहे. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा पायरी कुठं होती ते आठवा. या वर्षी 30 झाले की बॅगा भरायच्या, 35 ला विश्रामबागला मामाकडे जायचं. रात्रीची वाट बघायची नाही. घराची कागदपत्रं आणि आजीचा फोटो मी मेमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माडीवरच्या ट्रंकेत ठेवलाय. तुम्हाला वाटलं मी साफसफाई करतेय.

मामांनी त्यांच्या ओळखीत नोकरीचं बघितलंय, ते त्यांना नम्रपणे नको म्हणून सांगा. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी बोलते. काकांना काय सांगायचं ते बाबांनी ठरवावं. "घरून काम करते" म्हटलं तर खोटं होणार नाही. "नोकरी सोडली" म्हटलंत तर मला जास्त आवडेल, पण जबरदस्ती नाही.

आणखी दोन कारागिरांनी मला विचारलंय. त्यामुळे गणपतीपासून दर महिन्याला आठ-दहा दिवस मी तिकडंच असेन. माडीवरची खोली पुरे. इंटरनेटची जोडणी माझी मी करून घेईन, तारेसाठी भिंतीला भोक पडेल, एकच. बाबा, त्यावर आत्तापासून नाही म्हणू नका.

पत्र मिळालं की मिस्ड कॉल द्या. मी लावते.

तुमची
चिमी

ता. क. आई, गेल्या महिन्यात पाठवलेलं बीपीचं मशीन अजून खोक्यातच आहे, असं दादा म्हणाला. ते काढ. सेल खोक्यातच बाजूला आहेत, पांढऱ्या पिशवीत.