तातडीच्या उपचाराचे बिल कोण भरणार, ते कलमात लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्यसेवेसाठी देशव्यापी कायदा असावा की नसावा, यावर आपल्या वृत्तपत्रात चर्चा चालू आहे. आरोग्य हा मूलभूत हक्क म्हणून लिहून टाका, असे एक बाजू म्हणते. असा कायदा आला की छोटी रुग्णालये बंद पडतील, असे दुसरी म्हणते. दोन्हीकडचा सगळा जोर ‘हक्क’ या एका शब्दावर लागला आहे. मला निर्णायक प्रश्न वेगळा वाटतो. खिशात पैसे नसलेला अत्यवस्थ रुग्ण खासगी रुग्णालयाच्या दारात आला, तर त्याच्या उपचाराचा खर्च कोणी द्यायचा, कोणत्या दराने आणि किती दिवसांत? आजवरच्या कायद्यांनी नेमका हाच प्रश्न मोकळा सोडला आणि तिथेच ते अडकले.

हक्क म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने तो केव्हाच मान्य केला आहे. 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात न्यायालयाने सांगितले की जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार नंतर. 1996 च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात, रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. न्यायालयाने तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग ठरवला, 25 हजार रुपये भरपाई द्यायला लावली आणि पैशाची चणचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे बजावले. म्हणजे तत्त्व ठरून तीस-पस्तीस वर्षे झाली. तरीही रात्री अकरा वाजता ‘आधी डिपॉझिट भरा’ हे वाक्य ऐकू येतेच, कारण तत्त्वामागे पैशाची सोय कोणी लावलेली नाही.

संसदेचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना नोंदणी व नियमन कायदा पाहा. कलम 12(2) म्हणते की तातडीच्या अवस्थेतील रुग्णाला, उपलब्ध कर्मचारी व सोयींच्या मर्यादेत, स्थिर करण्यासाठी, म्हणजे प्रकृती आणखी ढासळू नये इतपत सावरण्यासाठी, लागणारे उपचार रुग्णालयाने द्यावेत. कलम चांगले आहे. पण त्या उपचाराचा खर्च रुग्णालयाला कुठून मिळणार, याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. जबाबदारी लिहिली, परतफेड लिहिली नाही.

राजस्थानने 21 मार्च 2023 रोजी आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला. त्यात एक पाऊल पुढे टाकले होते: तातडीचे उपचार आगाऊ पैसे न घेता करायचे, आणि रुग्णाने पैसे दिले नाहीत तर रुग्णालयाला राज्य सरकारकडून ‘योग्य’ परतफेड मिळेल. योग्य म्हणजे किती? सरकारी योजनेच्या दराने की रुग्णालयाच्या दरपत्रकाप्रमाणे? महिनाभरात की दोन वर्षांनी? सगळे नियमांवर सोपवले होते आणि नियम तयार नव्हते. खासगी डॉक्टर संपावर गेले. 4 एप्रिलला तडजोड झाली, तीत 50 पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये आणि सरकारकडून जमीन वा इमारतीत सवलत न घेतलेली रुग्णालये कायद्याबाहेर ठेवायचे ठरले. अपघातग्रस्त माणूस ज्या दारात बहुतेक वेळा प्रथम पोहोचतो, ती तालुक्याच्या गावातली दहा-वीस खाटांची रुग्णालयेच अशी वगळली गेली. डॉक्टरांची भीती अवाजवी होती असे मी म्हणणार नाही. परतफेडीचा आकडा आणि मुदत मूळ कलमातच असती, तर वाटाघाट त्या आकड्यावर झाली असती, कायदा कोणाला लागू करायचा यावर नव्हे.

‘तातडीची अवस्था’ आणि ‘स्थिर करणे’ या शब्दांची व्याख्याही मोघम ठेवून चालत नाही. सर्पदंशाचे उदाहरण घ्या. रुग्ण आला की काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे. मग प्रतिविषाच्या सुरुवातीच्या आठ ते दहा कुप्या शिरेतून. सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी, गरज पडली तर पुन्हा कुप्या. नाग किंवा मण्यार असेल तर पापण्या जड होतात, मान टाकली जाते, पुढे श्वासाचे स्नायू ढिले पडतात. तेव्हा नळी घालून हाताने का होईना, श्वास देत राहावे लागते. अतिदक्षता विभाग नसलेल्या रुग्णालयाने यातले काय करायचे? चाचणी, पहिल्या कुप्या आणि श्वास चालू ठेवून रुग्णवाहिकेतून पुढे पाठवणे, इतके ते करू शकते. ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवणे आणि एवढे करून पाठवणे यात रुग्णाच्या जिवाचा फरक आहे.

हृदयविकाराच्या झटक्यातही तेच. आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, रक्तवाहिनी बंद झाल्याचे दिसले आणि अँजिओप्लास्टीचे केंद्र दूर असेल तर निदानानंतर शक्यतो अर्ध्या तासाच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, मग पुढे. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात गर्भाशय आकसवणारी औषधे, सलाइन, मूत्रमार्गात नळी आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणी हलवणे. अशा पंधरा-वीस अवस्था, प्रत्येकीसमोर रुग्णालयाच्या दर्जानुसार किमान उपचार, आणि त्या उपचाराची रक्कम, असा तक्ता कायद्याच्या परिशिष्टात हवा. डॉक्टरांच्या संघटनांनी संपाऐवजी आपली ताकद हा तक्ता लिहिण्यात लावली, तर त्यांच्याइतके अचूक कोणी लिहू शकणार नाही.

पैसे आधी ठरवून देता येतात, याचा नमुना आपल्याच देशात आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 162 आले, आणि जखमी झाल्यानंतरच्या मोलाच्या पहिल्या तासासाठी रोकडविरहित उपचारांची योजना करणे केंद्राला बंधनकारक झाले. योजना बाहेर पडायला मे 2025 उजाडला, तीही सर्वोच्च न्यायालयाने कान पिळल्यावर. पण तिची रचना बरोबर आहे: रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार नियुक्त रुग्णालयात, इतर रुग्णालयात स्थिर करण्यापुरते, आणि खर्चासाठी ठरलेला निधी. हाच साचा साप चावलेल्याला, विजेचा धक्का बसलेल्याला, बाळंतिणीला का लागू होऊ नये? वाहनाने जखमी झाले तर पैशाची व्यवस्था आहे आणि झाडावरून पडले तर नाही, ही विसंगती नव्या कायद्याने आधी दूर करावी.

यात बिघडते ते परतफेडीच्या वेळेत. आयुष्मान भारत योजनेत दाव्याची रक्कम राज्यातल्या राज्यात 15 दिवसांत आणि परराज्यातील रुग्णासाठी 30 दिवसांत देण्याचा दंडक आहे. तो पाळला जात नसल्याच्या रुग्णालयांच्या तक्रारी अनेक राज्यांतून येतात. मोठ्या रुग्णालयाला सहा महिन्यांची थकबाकी पेलते. पंधरा खाटांच्या रुग्णालयाला परिचारिकांचे पगार, ऑक्सिजन आणि औषध दुकानदाराची उधारी दर महिन्याला भागवावी लागते. चार दावे अडकले की पाचवा रुग्ण घेताना हात आखडतो. म्हणून तातडीच्या उपचारांचा निधी जिल्ह्याला आगाऊ जमा हवा, ठरलेल्या रकमेचा पहिला मोठा हिस्सा दाखल केल्याच्या नोंदीवर आपोआप मिळावा, तपासणी नंतर व्हावी, आणि मुदत उलटली तर व्याज कायद्यानेच सुरू व्हावे. खोटे दावे होतील ही भीती खरी आहे. त्यासाठी शंभरातले काही दावे चिठ्ठ्या टाकून निवडावेत, कसून तपासावेत आणि खोटेपणा सापडला तर वसुलीसह नोंदणी निलंबित करावी. प्रत्येक दावा अडवून धरल्याने लबाड थांबत नाही, प्रामाणिक थकतो.

दरांबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर आपल्याकडे बरेच छापून आले आहे. 2010 च्याच कायद्याखालच्या 2012 च्या केंद्रीय नियमांतील नियम 9 मध्ये दरांचा फलक लावणे आणि केंद्राने राज्यांशी विचारविनिमय करून ठरवलेल्या मर्यादेत ते आकारणे, दोन्ही आहे. मर्यादा वर्षानुवर्षे ठरलीच नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावरून केंद्राला फटकारावे लागले. मात्र दर बांधले की काम झाले, असेही नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीची) किंमत 29,600 रुपयांवर बांधली. स्टेंट स्वस्त झाला, पण त्यासोबतच्या कॅथेटर, फुगे, तारा आणि प्रक्रियेचे शुल्क मोकळेच राहिले. महाराष्ट्राने मे 2020 मध्ये कोविडकाळात खासगी रुग्णालयांच्या 80 टक्के खाटांसाठी दिवसाला साधा कक्ष 4,000, अतिदक्षता 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये असे दर ठरवले. पीपीई किट, काही महागडी औषधे, सीटी स्कॅन वगैरे त्यातून वगळले, आणि बिलांवरचे वाद या वगळलेल्या ओळींभोवतीच घुटमळत राहिले. एका ओळीवर झाकण ठेवले की भाव शेजारच्या ओळीतून वर येतो. म्हणून बांधायचा असेल तर पूर्ण उपचाराचा दर बांधावा, आणि त्याबाहेर काय आकारता येईल याची यादी छोटी व बंद असावी. गाव, रुग्णालयाचा दर्जा आणि खाटा यांप्रमाणे दर वेगळे असायलाच हवेत. मुंबईतील जागेचे भाडे आणि गडचिरोलीतील भूलतज्ज्ञ आणण्याचा खर्च एका आकड्यात बसत नाहीत.

आता ‘संसदेने सरळ कायदा करून सगळ्या राज्यांना लावावा’ या मागणीबद्दल. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील सहाव्या नोंदीचा विषय आहे. त्यामुळे 2010 चा कायदा अनुच्छेद 252 खाली झाला: अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम आणि सिक्कीम यांनी ठराव केले, मग संसदेने कायदा केला, इतर राज्यांनी हवा तर ठरावाने स्वीकारायचा. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो, ज्याच्या नियमांत 2021 मध्ये रुग्णहक्क आणि दरफलकाची भर पडली. राज्ये का कचरतात, हे 252 च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. एकदा स्वीकारलेला कायदा राज्याच्या विधिमंडळाला बदलता येत नाही. दुरुस्ती पुन्हा संसदेनेच करायची. सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा हा विषय मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत, नोंद 23 मध्ये आहे. तातडीच्या उपचारांचा खर्च देणारा केंद्रीय कायदा या नोंदीच्या आधारे उभा करता येईल, असे माझे मत आहे. रुग्णालयांचे नियमन राज्याकडे राहील आणि खर्चाची हमी देशभर एक होईल.

केंद्राला हे परवडेल का? राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार 2021-22 मध्ये केंद्र व राज्यांचा मिळून आरोग्यावरील सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) 1.84 टक्के होता. एकूण आरोग्यखर्चातील 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून केला. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत 2.5 टक्क्यांचे उद्दिष्ट होते. संपूर्ण आरोग्यसेवेची हमी या आकड्यांत बसणार नाही, आणि ती बसेल असे सांगणाऱ्यांनी बाह्यरुग्ण औषधांचा हिशेब मांडावा, कारण खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग तिथे आहे. तातडीच्या उपचारांची हमी हा त्यातला लहान आणि मोजता येणारा तुकडा आहे. सुरुवात तिथून व्हावी.

तक्रारीबाबत एक बाब चर्चेत कुठेच आली नाही. दाखल झालेल्या रुग्णाकडे बिल असते, कागद असतात. दारातून परत पाठवलेल्याकडे काहीच नसते. त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत चढत नाही, त्यामुळे नकार सिद्ध करता येत नाही. केवळ समिती आणि हेल्पलाइन देऊन हे सुटणार नाही. परत पाठवताना चिठ्ठी देणे बंधनकारक करावे: वेळ, आढळलेली अवस्था, केलेले उपचार, पुढे न घेण्याचे कारण, कोणत्या रुग्णालयाशी फोनवर बोलणे झाले, डॉक्टरची सही. चिठ्ठी न देणे हाच दंडनीय गुन्हा असावा, कारण तो सिद्ध करायला वैद्यकीय तज्ज्ञ लागत नाही. या चिठ्ठीने डॉक्टरचेही रक्षण होते. जे शक्य होते ते केले, याचा तोच पुरावा.

कायद्याचा मसुदा आला की केंद्राच्या 2014 च्या कायदापूर्व विचारविनिमय धोरणानुसार तो किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. त्या दिवसांत सूचना पाठवणाऱ्यांसाठी कलमाचा एक कच्चा खर्डा देतो:

‘परिशिष्टात नमूद केलेल्या तातडीच्या अवस्थेतील कोणत्याही व्यक्तीकडून आगाऊ रक्कम न मागता, आस्थापनेच्या वर्गासाठी परिशिष्टात नमूद केलेले उपचार देण्यात येतील. त्या उपचारांसाठी परिशिष्टातील रक्कम जिल्हा निधीतून आस्थापनेस देय राहील. तिचा सत्तर टक्के हिस्सा दाखल नोंदीपासून सात दिवसांत व उर्वरित तीस दिवसांत देण्यात येईल. विलंब झाल्यास वार्षिक बारा टक्के दराने व्याज देय होईल. परिशिष्टातील रकमांचा दर दोन वर्षांनी आढावा घेण्यात येईल. आढावा न झाल्यास त्या महागाई निर्देशांकानुसार आपोआप वाढतील.’

शेवटचे वाक्य वाटाघाटीत सर्वांत आधी कापले जाण्याची शक्यता आहे. ते कापू देऊ नये. पाच वर्षे जुने दर हातात ठेवून कोणतेही रुग्णालय रुग्णाला मनापासून दारात घेणार नाही.

आपला,
आरोग्यव्यवस्थेचा एक अभ्यासक